‘छान’ म्हणायचं नाही

पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या मनगटावरचं घड्याळ उतरवून घेतलं आणि पिठाच्या डब्यात टाकलं. डब्यात आधीच दोन घड्याळं आणि एक मोबाइल पडलेला होता. मग डब्याचं झाकण लावून त्या त्याच्यावरच बसल्या. डबा तेवढा मोठा होता आणि बाई तेवढ्या लहान होत्या.

"किती वेळ लागला ते पातेलं सांगतं," त्या म्हणाल्या. "घड्याळाला काय कळतं त्यातलं?"

हे फ्रान्समधल्या ल्योन शहरातलं. माझी लेक तिथं नोकरीला आहे. तीन महिन्यांसाठी तिनं मला बोलावून घेतलं होतं आणि मी विमानातून उतरून धड झोपही काढली नव्हती, तर तिनं माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. "आई, तुझ्या वाढदिवसाचं. फ्रेंच स्वयंपाकाचा क्लास. आठ आठवडे, मंगळवार आणि शुक्रवार. तू नुसती घरात बसून राहशील, मला माहितीये."

मी पाकीट न उघडताच पिशवीत सरकवलं. आणि म्हटलं, "अगं, कशाला खर्च?"

का उघडलं नाही ते सांगायला हवं. संभाजीनगरला छावणीत मी बावीस वर्षं मेस चालवली. नवरा लवकर गेला, लेक पदरात, हाताला एवढीच विद्या. कॉलेजची पोरं, एकटे राहणारे बँकवाले, कन्नडहून नाहीतर देवगाव रंगारीहून परीक्षांचा अभ्यास करायला आलेल्या पोरी, अशी चाळीसेक माणसं दोन वेळा माझ्याकडं जेवायची. माझ्या आमटीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो म्हणायचे लोक. दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला. ताप गेला, खोकला गेला, पण वास परत आला नाही. आज येईल, उद्या येईल करत सहा महिने काढले. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू कळायचं, तिखट झोंबायचं, बस. बाकी सगळं म्हणजे ओला पुठ्ठा.

एकदा डाळ करपली ती मला जेवणाऱ्या पोराच्या तोंडाकडं बघून कळली. नंतर शिळं दही वाढलं गेलं. आणि मग एका दुपारी शेजारच्या खाला पदर नाकाला लावून धावत आत आल्या. "अगे, गॅस खुल्ला हय ना! क्या कर रई तू?" मी शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर बसून भाजी निवडत होते. त्यांनीच बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. त्या संध्याकाळी मी जेवणाऱ्यांना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून मेस बंद. गुडघे दुखतात म्हणून. लेकीलाही तेच सांगितलं. गुडघे माझे तसे बरे होते.

आणि आता ही मला अशा देशातल्या क्लासात घालत होती, जिथं म्हणे माणसं पाव विकत घेतानासुद्धा आधी त्याचा वास घेतात.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, चढ्या गल्लीत. लिफ्ट नाही. सत्तरी कधीच ओलांडलेली, केस पुरुषासारखे कापलेले, आणि अंगात ॲप्रनच्या जागी पिवळा रेनकोट. "ॲप्रन धुवावा लागतो," त्या म्हणायच्या. "हा पुसला की झाला." तेल उडालं की रेनकोटवर टपटप आवाज यायचा आणि त्या खूष व्हायच्या. त्यांना इंग्रजी यायचं, पण तोडकं. माझं इंग्रजी फुलंब्रीच्या शाळेतलं, दहावीपर्यंतचं, तेही तोडकंच. त्यामुळं आमचं दोघींचं इतरांपेक्षा बरं जमलं. ज्यांना चांगलं इंग्रजी यायचं त्यांच्यावर त्या खेकसायच्या, "फार बोलता तुम्ही!"

वर्गात आम्ही पाचजण. अमेरिकेचं एक नवं जोडपं, ब्राझीलचा दाढीवाला फोटोग्राफर, मी, आणि बाईंच्याच गल्लीतला एक निवृत्त पोस्टमन. हा पोस्टमन अकरा वर्षं तोच क्लास परत परत करत होता. इंग्रजीचा त्याला एक शब्द कळत नसे. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तो अजून आमलेटमध्ये नापास आहे." पोस्टमननं आपलं नाव ऐकू आल्यासारखी मान डोलावली.

पहिले दोन आठवडे नुसती अंडी. मला वाटलं, लेकीचे पैसे बुडाले. बावीस वर्षं चाळीस माणसांचा स्वयंपाक केलेली बाई मी, आणि ही मला अंडं फोडायला शिकवतेय. पण बाईंच्या समोर मी फोडलेलं पहिलं अंडं त्यांनी मांजराला घातलं. दुसरंही. तिसऱ्या अंड्याला त्या म्हणाल्या, "तू कुणावर रागावलीयस?"

"कुणावर नाही."

"मग ह्याला का मारतेस?"

त्यांना 'सोपं' हा शब्द चालत नसे. 'पटकन' हाही नाही. कांद्याच्या सूपच्या दिवशी मी कांदा मोठ्या जाळावर घातला, मेसच्या सवयीनं, दहा मिनिटांत लाल. बाईंनी मला कोपरानं बाजूला सारलं, जाळ अगदी बारीक केला आणि कढईपुढं खुर्ची ओढून मला तिच्यात बसवलं. तासभर. मध्ये एकदा मी उठायला गेले तर खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवलं. "तुला कुठं जायचंय? कांद्याला तर कुठं जायचं नाहीये." मी बसून राहिले. बावीस वर्षांत चुलीपुढं मी कधी खुर्चीत बसले नव्हते. तासाभरानं कांदा मधासारखा झाला, आणि खरं सांगते, कांद्यापेक्षा मलाच बरं वाटत होतं.

सोमवारचा माझा उपवास असतो. क्लास मंगळवारी, त्यामुळं अडचण नव्हती. पण एकदा त्यांनी मला सोमवारीच बोलावलं, बाजार दाखवायला, आणि दुपारी जेवायला वाढलं. मी म्हटलं, आज उपवास आहे. बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या घरात कुणी मेल्याची बातमी सांगितली.

"तू माझ्या टेबलाशी बसणार आणि जेवणार नाहीस?"

"बटाटा चालतो," मी घाईनं म्हटलं. "दूध चालतं. लोणी चालतं. कांदा-लसूण नाही."

त्यांनी बोटांवर मोजलं. "बटाटा, दूध, लोणी," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग रेनकोट घातला आणि बटाट्याच्या पातळ चकत्या दुधात, सायीत, लोण्यात थर लावून भट्टीत ठेवल्या. लसूण त्यात घालतात, तो वगळला. जेवताना म्हणाल्या, "तुमचा देव समजदार आहे. उपाशी राहायला सांगतो आणि लोणी खाऊ देतो."

त्यांचा सगळ्यात कडक नियम मात्र वेगळाच होता. कुठल्याही पदार्थाला 'छान' म्हणायचं नाही. कुणी म्हटलंच, तर त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, "छान म्हणजे काय? कसला वास? कशासारखा?" दर वेळी काही शिजलं की त्या पातेलं गोल फिरवायच्या, एकेकानं वाकून वास घ्यायचा आणि काय आठवलं ते सांगायचं. खोटं नाही बोलायचं. अमेरिकेची पोरगी म्हणायची, "आजोबांच्या गॅरेजसारखा." फोटोग्राफर म्हणायचा, "भिजलेल्या कुत्र्यासारखा, पण चांगल्या कुत्र्यासारखा." बाई ते ऐकून टाळ्या वाजवायच्या. पोस्टमन फ्रेंचमध्ये इतकं लांबलचक बोलायचा की पातेलं थंड व्हायचं.

मी नेहमी शेवटचा नंबर लावायची. आधीच्यांचं ऐकून घ्यायची आणि त्यातलंच थोडं इकडं, थोडं तिकडं करून सांगायची. 'भाजलेले दाणे,' मी म्हणायची. 'शेतातली ओली माती.' मेसवाल्या बाईला वासाचे शब्द काय कमी? फक्त वास नव्हता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्या जिन्यानं वर जाताना मनात तयारी करत जायची, जशी गृहपाठ न केलेली पोरं शाळेत जातात.

लोण्याच्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांची शाबासकी मिळवली, आणि तीही वासाशिवाय. लोणी तांबूस होईपर्यंत कढवायचं होतं. बाकीचे चौघं वाकून बघत होते, हुंगत होते, रंगावरून वाद घालत होते. मी डोळे मिटून उभी होते. लोणी आधी तडतडतं. त्यातलं पाणी उडत असतं. मग आवाज बारीक होतो, आणि एकदम थांबतो. तो थांबला की मी पातेलं उतरवलं.

"तुला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"आम्ही घरी तूप कढवतो. बोलायचं बंद झालं की झालं."

बाईंनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "तू ऐकतेस," त्या म्हणाल्या. "पण तू वाकून वास घेतला नाहीस. एकदाही."

मी हसून वेळ मारून नेली.

पुढच्या शुक्रवारी पातेलं फिरवताना त्यांनी ते थेट माझ्यापुढं आणलं. पहिलं. आत पांढरं काहीतरी होतं, कोमट. "सांग."

मी वाकले. काहीच नाही. नेहमीचा ओला पुठ्ठा. चौघांकडं बघितलं, ते लांब होते, त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. मी म्हटलं, "दूध... ताजं. थोडं गोडसर. आमच्याकडं सकाळी गवळी येतो, तसं."

बाईंनी पातेलं पोस्टमनपुढं धरलं. त्यानं नाक मुरडून तोंड फिरवलं. दूध नासलेलं होतं.

बाईंनी ते दूध मोरीत ओतलं, नळ सोडला आणि काहीच न झाल्यासारखा पुढचा धडा सुरू केला. क्लास संपला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी पिशवी उचलली, पण त्या दारात उभ्या होत्या. "तू थांब."

आम्ही दोघी टेबलाशी बसलो. त्यांनी रेनकोट काढून खुर्चीवर टाकला. मी त्यांना तो न घातलेला पहिल्यांदाच बघत होते. बारीकशी म्हातारी दिसल्या.

"किती वर्षं?"

"चार."

"माझा बाप हॉटेलात मोठा आचारी होता," त्या म्हणाल्या. शब्द शोधत शोधत, थांबत थांबत सांगत होत्या. "बर्फावरून घसरला. डोक्याला मार. जखम भरली, पण नाक गेलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. वर्षभर लपवलं. मग एक दिवस बिघडलेला मासा वाढला गेला. एक म्हातारी फार आजारी पडली. वाचली ती. पण बापाला हॉटेलातून काढलं. चुलीपुढं तो परत कधी उभा राहिला नाही." त्यांनी भिंतीकडच्या खुर्चीकडं हात केला. "तिथं बसायचा. मी नऊ-दहा वर्षांची. मी शिजवायची, आणि तो विचारायचा, वास कसला येतोय? मी म्हणायची, छान. तर टेबलावर हात आपटायचा. छान म्हणजे काय? मला येत नाही, तू सांग! कशासारखा? मी सांगायला शिकले. त्याच्यासाठी शिकले."

मी मान वळवून त्या खुर्चीकडं बघितलं.

"मला वाईट कशाचं वाटतं माहितीये? हॉटेलात त्याच्या हाताखाली आठ माणसं होती. आठ नाकं. एकाला जरी विचारलं असतं." मग त्या टेबलावर हात ठेवून माझ्याकडं वळल्या. "तुझ्या लेकीला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिला सांग. सांगितल्याशिवाय माझ्या जिन्यावर पाय ठेवू नकोस."

मला लई राग आला. परक्या देशात, परक्या बाईनं, माझ्या लेकीचं नि माझं काय ते मला शिकवावं! मंगळवारी मी क्लासला गेलेच नाही. लेक कामावर गेल्यावर नदीकाठी जाऊन बाकावर बसले. घरी येऊन तिला खोटंच सांगितलं की आज सूप शिकवलं. आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, हे माझं दुसरं खोटं, मग तिसरं होईल, आणि मी परत जाईन, आणि एक दिवस छावणीतल्या घरात एकटी असताना गॅस उघडा राहील. तेव्हा खाला घरी असतीलच असं नाही.

त्या देशात उन्हाळ्यात संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो. जेवताना खिडकीतून ऊन येत होतं. मी ताट बाजूला सारलं आणि लेकीला सांगितलं. डाळ, दही, गॅस, सगळं.

तिनं हातातला चमचा खाली ठेवला. मग तिचा चेहरा लालबुंद झाला. "आई, मी चार वर्षं तुला गुडघ्याचं तेल पाठवतेय!"

"ते चांगलं आहे तेल."

"गॅस, आई! तू मेली असतीस ना! आणि मला सांगितलं नाहीस?" ती रडायला लागली, आणि रडता रडता मला दंडावर चापट मारत होती, लहानपणी मारायची तशी. "मी तुला क्लासात घातलं, वाढदिवसाचं म्हणून! तू रोज तिथं जाऊन काय करत होतीस?"

"खोटं बोलत होते," मी म्हटलं. त्यावर तिला रडता रडता हसू फुटलं. मग मलाही. त्या एका संध्याकाळीत आम्ही चार वर्षांचं बोललो.

शुक्रवारी लेक मला जिन्यापर्यंत सोडायला आली. बाईंनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि काहीही न विचारता घड्याळासाठी हात पुढं केला.

वर्गापुढं उभं राहून मीच सांगितलं. मला वास येत नाही, मी तुम्हाला खोटं सांगत होते. अमेरिकेच्या पोरीनं येऊन मिठी मारली, ते बाईंना आवडलं नाही. "सुतक नाहीये," अशा काही अर्थाचं त्या म्हणाल्या, आणि पोस्टमनला फ्रेंचमध्ये भराभर हुकूम सोडला. तो उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, लष्करातल्यासारखा ताठ. "आजपासून हे तुझं नाक," बाई म्हणाल्या. "ह्याचं बाकी काही चांगलं नाही, पण नाक चांगलं आहे."

उरलेले आठवडे आम्ही तसंच शिजवलं. मी ढवळायची, तो हुंगायचा. मला फ्रेंच येत नव्हतं आणि त्याला इंग्रजी, तर त्यानं हातानं खुणा ठरवल्या. तळवा खाली दाबला की जाळ कमी कर. बोटं फुलासारखी उघडली की आता उतरव. कपाळावर हात मारला की संपलं सगळं. बाई मधूनमधून येऊन मला विचारायच्या, "ह्यानं काय सांगितलं? तुला पटलं? हाताला काय लागतंय? कानाला काय येतंय?" त्यांनी मला एकदाही सोपं काम दिलं नाही, एकदाही कीव केली नाही. त्या आठवड्यांत मी हातानं कणकेसारखं सगळं तपासायला शिकले. पाण्याची उकळी, दुधाची उकळी आणि रश्शाची उकळी यांचे आवाज वेगळे असतात, हे बावीस वर्षं ऐकत होते, पण ऐकत नव्हते. आणि सगळ्यात अवघड शिकले ते हे, की दर पातेल्यापाशी मान वर करून माणसाला विचारायचं, 'बघा हो जरा, कसा येतोय?' त्यात माझं काही कमी होत नाही.

शेवटच्या शुक्रवारी बाईंनी जाहीर केलं की आज हिच्या देशाचं जेवण. मला आधी सांगितलं नव्हतं. लेकीला मात्र सांगितलं असावं, कारण तिनं माझ्या नकळत पिशवीत येसराची पुडी टाकली होती. येसर म्हणजे आमच्या मराठवाड्यात धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळतात ते पीठ. त्याची आमटी करतात. गावाकडं लग्नाच्या पंगतीत ती असायचीच. ती पुडी मी इकडून जाताना लेकीसाठी नेली होती, पण त्या दिवसापर्यंत ती फोडायची मला हिंमत झाली नव्हती. करून खायची, आणि पुठ्ठा लागायचा, ते मला नको होतं.

पोस्टमन त्याच्या जागेवर येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला हटवलं. "आज मी."

मी तेल तापवलं. मोहरी तडतडली, ते कानानं कळलं. लसूण, लाल तिखट. मग येसर पाण्यात कालवून घातलं आणि ढवळायला लागले. बाई पातेल्यावर वाकल्या. इतक्या वाकल्या की रेनकोटची कॉलर वाफेनं ओली झाली. डोळे मिटलेले. आणि बोलायला लागल्या.

"धूळ. पण स्वच्छ धूळ, उन्हातली. आता... भाजलेलं काहीतरी, दाणे नाहीत, दाण्यांची टरफलं. आता तिखट, नाकात मागं. थांब. लाकूड. जुन्या पेटीचं लाकूड, उघडल्यावर येतो तसा. आणि खाली, अगदी खाली, धूर." त्या थांबल्या. "हे कुणीतरी मोठ्या पातेल्यात करतं. बाहेर, अंगणात. खूप माणसं येणार आहेत. ती अजून पोचली नाहीयेत, पण येणार आहेत."

मला काही वास आला नाही. तो येतच नाही. पण फुलंब्रीजवळच्या आमच्या गावातलं अंगण मला दिसलं, मांडवाच्या मागं तीन दगडांवर ठेवलेलं पातेलं दिसलं, आणि माझी आई हातात एवढा मोठा डाव घेऊन चुलत्याला ओरडताना दिसली, की लाकूड ओढा हो, जाळ लई झालाय. चार वर्षांत मी तिला एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते कळलंच नाही.

बाईंनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि पातेलं जरा माझ्यापासून लांब सरकवलं. "मीठ घालून झालंय," त्या म्हणाल्या. "आता अजून नको."

निरोप वगैरे त्यांना येत नसे. डब्यातून घड्याळ काढून पीठ झटकलं, माझ्या मनगटाला बांधलं, आणि जिन्यापर्यंतही आल्या नाहीत. खाली पोचले तर वरच्या खिडकीतून त्यांचा ओरडण्याचा आवाज ऐकू आला. पोस्टमनच्या आमलेटवर चालला होता.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते शेजारी जाऊन खालांना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मालूम था मेरे कू. गॅसवाले दिन सेच मालूम था."

"मग बोलल्या का नाही?"

"तू बोली नई, मै पूछी नई." मग सुपातले खडे बाजूला काढत म्हणाल्या, "दुकान फिर खोल रई क्या?"

"खोलायचं म्हणते. पण मला नाक लागेल."

"तो ये किस वास्ते हय?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. त्यांची सोन्याची चमकी लकाकली.

मेस सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी अकरा माणसं होती, काही जुनी, काही नवी. वाढायच्या आधी मी त्यांच्यापुढं उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं असेल. म्हटलं, "पोरांनो, मला वास येत नाही. मी हातानं आणि कानानं स्वयंपाक करते, आणि वासाचं खाला बघतात. तरी ताटात काही वावगं वाटलं तर गप खाऊ नका. लाजायचं नाही. ओरडून सांगा." देवगावची एक पोरगी होती, नवीन, बुजरी. तिनं हळूच विचारलं, "मावशी, आणि चांगलं असलं तर?"

"तर कशासारखं लागलं ते सांगा," मी म्हटलं.

दोन दिवसांनी मी जिरं बारीक जाळावर भाजायला ठेवलं होतं तेव्हा लेकीचा फोन आला, तो घेऊन मी बाहेरच्या दाराशी आले. "आई, मी बाईंकडं आलेय. घे, बोल." बाईंच्या घरात फोन नाही, म्हणून ती मुद्दाम तीन मजले चढून गेली होती. पलीकडं बराच वेळ नुसती भांडी वाजत होती. मग तो घोगरा आवाज आला.

"सुरू केलंस?"

"केलं."

"किती माणसं?"

"अकरा."

पलीकडं पुन्हा एक भांडं वाजलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मी तर सांगायचं ठरवून ठेवलं होतं, इंग्रजी वाक्य पाठ केलं होतं, की बाई, तुम्ही मला माझं काम परत दिलंत, मी कशी तुमचे उपकार... मी तोंड उघडलं.

"पुरे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, हसत. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून खालांचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "अगे, जीरा जल रा ना! किधर हय तू?"

"आले, आले!" मी म्हटलं, आणि पळाले.